दुर्गांच्या बंदोबस्तातील नियंत्रणाचे प्रकार

शिवकालीन दुर्गांच्या संरक्षणाचा विचार करताना तट, बुरूज आणि दरवाजे यांकडेच प्रायः लक्ष जाते. परंतु ही बाहेरील शत्रूस अडविणारी साधने होत. आतील फितुरीस तटाची आडकाठी नसते. या दुसऱ्या भयावरील उपाय सभासदाच्या बखरीत आढळतो. प्रत्येक गडावर हवालदार, सरनोबत व सबनीस असे एकाच प्रतीचे तीन अधिकारी असावेत व त्यांनी मिळून कारभार करावा, म्हणजे कोणा एकास गड शत्रूच्या स्वाधीन करता येणार नाही, असा तिचा आशय. किल्ल्या हवालदाराकडे, हजेरी व हिशेब सबनिसाकडे, धान्यकोठ्या कारखानिसाकडे. कुलूप अटकाव करते, दप्तर चोरी उघडकीस आणते. ही दोन नियंत्रणे भिन्न हाती ठेवणे हेच या योजनेचे मर्म होय. हे अधिकारी मराठा, ब्राह्मण व प्रभू अशा निरनिराळ्या जातींतून नेमीत. यास निव्वळ औदार्य म्हणणे प्रस्तुत लेखकास पटत नाही. समाजातील परस्पर अविश्वासच येथे पहाऱ्यास बसविला होता. ‘हवालदार’ म्हणजे ज्याच्या हवाली केले तो, आणि बंदोबस्त मुख्यतः त्याच्यावरच! पुढे सबनीस व कारखानीस ही आडनावे झाली. हवालदार हा सैन्यातील हुद्दा म्हणून उरला.