गमबूट: असई ते अंधेरी सबवे

मे महिना संपत आला की आमच्या ऑफिसात दरवर्षी एक प्रश्न फिरतो. "यंदा गमबूट घेऊन टाकू का रे?" विचारणारा साधारणपणे अंधेरी, घाटकोपर नाहीतर मुलुंडचा असतो. बोरिवलीकर स्वतःला उंचावर राहणारे समजतात, ते विचारत नाहीत. (दहिसर नदी फुगली की त्यांचंही कळतं, असो.) मग कोणीतरी हमखास म्हणतं, "गमबूट? महापालिकेच्या सफाई खात्यात लागलास काय?" सगळे हसतात, चहा संपतो, विषयही संपतो. मुलगा बालवाडीत असेपर्यंत त्याला पिवळे बेडूकछाप गमबूट हौसेने घेणारे आपण, स्वतः मात्र पावसाळी सँडल घालून सबवेच्या काळ्या पाण्यातून जातो.

या विनोदात एक मजेदार गोम आहे. ज्या बुटाला आपण सफाई कामगाराचा बूट म्हणून हसतो, त्याला इंग्लंडात वेलिंग्टन म्हणतात. लाडाने वेली. एका ड्यूकचं नाव आहे ते. आणि हा ड्यूक नावारूपाला आला तो आपल्या महाराष्ट्रात!

आर्थर वेलस्ली आपल्याला शाळेत दोनदा भेटतो. एकदा १८१५ साली वॉटर्लूला नेपोलियनला हरवताना, आणि त्याच्या बारा वर्षं आधी दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात. तेव्हा तो नुसता मेजर जनरल होता. १८०३ च्या एप्रिलमध्ये पुण्यात, ऑगस्टमध्ये अहमदनगरचा किल्ला, २३ सप्टेंबरला आजच्या जालना जिल्ह्यातली असईची लढाई, २९ नोव्हेंबरला अकोल्याकडचं अडगाव, १५ डिसेंबरला गाविलगड. आठ महिन्यांचं असलं वेळापत्रक आमच्या प्रोजेक्ट मॅनेजरनेही कधी लावलं नसेल.

या माणसाने पावसाचा आणि चिखलाचा अभ्यास केला होता, हे मला जास्त भावलं. मराठ्यांशी लढायचं तर पावसाळ्यात, असं त्याचं मत होतं. नद्या भरलेल्या असल्या की मराठ्यांच्या घोडदळाला हवं तिथून पार होता येत नाही, आणि आपण मात्र टोपलीसारख्या होड्या तयार ठेवायच्या. असईला तर अजून गंमत. केळणा नदीच्या पलीकडे दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले यांची त्याच्यापेक्षा कितीतरी मोठी फौज. वाटाडे म्हणाले, इथे उतार नाही. वेलस्लीने पाहिलं की नदीच्या अलीकडे एक गाव आहे आणि बरोबर समोर पलीकडे दुसरं. दोन गावं अशी समोरासमोर वसली आहेत म्हणजे लोकांची ये-जा असणार, म्हणजे उतार असणारच. उतार होता. डिबगिंग म्हणतात ते याला. लढाई तो जिंकला, पण त्याची जवळजवळ दीड हजार माणसं मेली किंवा जखमी झाली. पुढे म्हातारपणी, वॉटर्लू जमेला असूनही, आपण केलेली सगळ्यात चांगली लढाई म्हणून त्याने असईचंच नाव घेतलं.

आता कोणी लगेच "गमबुटाचा शोध जालन्यात लागला" असा मेल फॉरवर्ड करू नका :) असईच्या वेळी हा बूट जन्मलाच नव्हता. भारतातून परत गेल्यावर काही वर्षांनी वेलस्लीने लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवरच्या होबी नावाच्या चांभाराला सांगितलं, की हे हेसियन बूट (गुडघ्याशी गोंडे असलेले, तेव्हाच्या लष्करी फॅशनचे) मला जरा बदलून दे. गोंडे काढ, चामडं मऊ वासराचं घे, पायाशी घट्ट बसू दे, टाच बुटकी कर. घोड्यावर टिकला पाहिजे आणि संध्याकाळी मेजवानीलाही चालला पाहिजे. वॉटर्लूनंतर इंग्लंडातल्या प्रत्येक ऐटबाज पुरुषाला तसाच बूट हवा झाला.

बूट मागवणारा आणि बूट घालणारा माणूस इथे एकच होता. कुठे टोचतं ते त्याला माहीत, म्हणून काय बदलायचं तेही माहीत. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

अर्थात हा बूट चामड्याचा. मुंबईच्या पावसात चामड्याचं काय होतं ते जुलैमध्ये कपाट उघडून ऑफिसचे बूट पाहिलेत की कळेल. हिरवट बुरशी. रबर लोकांना माहीत होतं, पण कच्चं रबर उन्हाळ्यात चिकट होऊन वितळायचं आणि थंडीत कडक होऊन तडकायचं. १८३९ साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयरला गंधक आणि उष्णता यांची युक्ती सापडली. रबराच्या लांबलचक साखळ्या गंधकाच्या अणूंनी एकमेकींना बांधल्या जातात, मग ते ताणलं तरी मूळ आकारात परत येतं. हेच व्हल्कनायझेशन. १८५३ मध्ये हायरम हचिन्सन या अमेरिकन माणसाने हे तंत्र फ्रान्सला नेऊन बूट काढायला सुरुवात केली. लाकडी खडावांसारखे जोडे घालून शेतात राबणाऱ्यांना एकदम कोरडे पाय मिळाले. १८५६ मध्ये हेन्री ली नॉरिस या दुसऱ्या अमेरिकनाने एडिंबराला नॉर्थ ब्रिटिश रबर कंपनी काढली. पुढे हंटर म्हणून प्रसिद्ध झालेली ती हीच.

मग आलं पहिलं महायुद्ध. फ्लँडर्सच्या खंदकांत गुडघाभर पाणी, त्यात सैनिक दिवसेंदिवस उभे. पाय सुजायचे, बधिर व्हायचे, सडायचे. १९१४ च्या पहिल्याच हिवाळ्यात ब्रिटिश सैन्यातले सुमारे वीस हजार लोक या 'ट्रेंच फूट'ने निकामी झाले. गोळी न लागता! तेव्हा युद्ध खात्याने नॉर्थ ब्रिटिश रबरला उंच रबरी बुटांची ऑर्डर दिली. युद्ध संपेपर्यंत त्या एका कंपनीने ११,८५,०३६ जोड बनवले. पण नुसत्या बुटांनी भागलं नाही. पाय पुसायचे, देवमाशाचं तेल चोळायचं, कोरडे मोजे घालायचे, आणि हे सगळं नीट झालं की नाही ते अधिकाऱ्याने बघायचं, असे कडक नियम झाले, तेव्हा कुठे प्रकार आटोक्यात आला. बूट हा एकटा उपाय नसतो. मोजे, कोरडी जागा आणि ते बदलायला वेळ, हा सगळा मिळून एक उपाय.

याच खंदकांत सैनिकांना कावीळ आणि ताप येत होता. १९१५ च्या सुमारास जपानात इनाडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या आजाराचा जंतू शोधला, त्यांचे रुग्ण कोळशाच्या खाणीतले होते. उंदरांच्या मुतातून पाण्यात, आणि पाण्यातून पायाच्या जखमेवाटे रक्तात. नाव ओळखीचं आहे: लेप्टोस्पायरोसिस. २६ जुलै २००५ नंतर मुंबईत घराघरात पोचलेला तोच लेप्टो.

आपल्याकडे पावसासाठी पायात काही घालायची रीत फारशी नव्हतीच. कोकणात डोक्यावर इरलं, घाटावर घोंगडीची खोळ, आणि पाय उघडे. अडाणीपणा नव्हता तो. भाताच्या खाचरात चिखलणी करताना गमबूट घालून बघा. चिखल बूट धरून ठेवतो, पाय वर येतो आणि बूट तिथेच राहतो. तिथे उघडा पायच बरा. पण शहरातल्या पाण्यात फुटकी बाटली, पत्रा, उंदीर आणि गटार असतं. शहर बदललं, पाणी बदललं, पाय तसेच राहिले.

मुंबईत गमबूट आले ते कामाचे म्हणून. अग्निशमन दल, बंदर, रसायनांचे कारखाने, मासळीच्या गोद्या, आरे कॉलनीतले आणि जोगेश्वरी-गोरेगावचे गोठे, आणि पालिकेचे सफाई कामगार. साहेबाच्या पायातून निघालेला बूट शेणात आणि गटारात पोचला, आणि तिथे पोचल्यावर आपण मध्यमवर्गीयांनी त्याच्याशी नातं तोडलं. कारण उघड आहे. ही कामं कोणत्या जातींच्या माथी मारली गेली ते आपल्याला माहीत असतं, आणि तो शिक्का आपल्या पायावर नको असतो. चहाच्या वेळचा तो विनोद तिथून येतो.

आता घ्यायचे झाले तर काय बघायचं. बाजारात दोन जाती आहेत: पीव्हीसी आणि रबर. पीव्हीसीचा बूट साच्यात एका झटक्यात ओतला जातो, म्हणून स्वस्त, काही शे रुपयांत मिळतो. पण पीव्हीसी मुळात कडक. त्याला मऊ करणारं द्रव्य हळूहळू निघून जातं, आणि घोट्यापाशी जिथे बूट प्रत्येक पावलाला दुमडतो तिथे एक दिवस बारीक चीर पडते. रबरी बूट तुकडे जोडून, मग भट्टीत शेकून बनवतात, म्हणून महाग आणि वजनालाही जड. पण घोट्याशी मऊ आणि ओल्या लादीवर पकड चांगली. नव्या रबरावर पांढरी भुकटी आली तर माल खराब समजू नका, आतले घटक पृष्ठभागावर येतात, फडक्याने पुसलं की जातं. रबराचे खरे शत्रू ऊन आणि घडी. गॅलरीत वाळत घालून विसरलात किंवा माळ्यावर मुडपून ठेवलात तर महागडा बूटही तडकतो.

दुकानात आयएसआय मार्क बघा. पीव्हीसी बुटांसाठी आयएस १२२५४ आणि रबरी औद्योगिक बुटांसाठी आयएस ५५५७ असे क्रमांक असतात. स्टेशनबाहेरच्या ढिगात हे मिळेलच असं नाही, नागदेवी स्ट्रीटच्या औद्योगिक मालाच्या दुकानांत मिळण्याची शक्यता जास्त. संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. जाड मोजे घालून घाला आणि दहा पावलं चाला. टाच आत वरखाली होत असेल तर तो बूट अर्ध्या तासात फोड आणणार. पोटरी आवळत असेल तर तोही नको. तळ वाकवून बघा, खाचा खोल आणि एकमेकींपासून दूर हव्यात, नाहीतर चिखल त्यातच बसतो. रबर श्वास घेत नाही, त्यामुळे आत घामाने चिखल्या होतात. मोज्यांचा जादा जोड बॅगेत हवाच. घरी आल्यावर बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा.

परदेशी ब्रँडसाठी काही हजार मोजायचे का? माझं मत, नाही. हंटर आता फॅशनचं नाव आहे, मूळ कंपनी २०२३ मध्ये दिवाळखोरीत निघाली आणि नाव दुसऱ्याने विकत घेतलं. आपल्याला वर्षातून वीस-पंचवीस दिवस, दिवसाला तासभर बूट लागतो. मधल्या किमतीचा देशी रबरी जोड चार-पाच पावसाळे काढेल.

आणि त्याची मर्यादाही ओळखा. २६ जुलैला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. गमबुटाची उंची साधारण ३८० मिलिमीटर. म्हणजे पाणी कुठेच वाहून आलं नसतं, नुसतं पडलं तिथेच साचलं असतं तरी अडीच बूट बुडाले असते. १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालात मुंबईच्या जुन्या नाल्यांची क्षमता तासाला २५ मिलिमीटर पावसाची धरली आहे, तेव्हा पाणी कुठे जाणार होतं! मोगरा नाला भरला की अंधेरी सबवे बघता बघता छातीपर्यंत जातो. काठावरून पाणी आत शिरलं की गमबूट म्हणजे पायाला बांधलेल्या दोन बादल्या. आणि उघडं मॅनहोल असेल तर कुठलाच बूट उपयोगाचा नाही. २०१७ च्या २९ ऑगस्टला एल्फिन्स्टनला काय झालं ते आठवा. पोटरीच्या वर पाणी दिसलं की मागे फिरायचं.

हे झालं आपलं. आपण निवडू शकतो. ज्याला रोज आठ तास, बारा महिने हा बूट लागतो, त्याच्यासाठी निवड दुसराच करतो. टेंडर निघतं, सगळ्यात कमी भावाचा माल येतो, आणि तो घालणारा त्या बैठकीत नसतो. कचरा वाहतूक श्रमिक संघासारख्या संघटना हातमोजे आणि गमबुटांसाठी वर्षानुवर्षं भांडत आल्या आहेत. सुधारक ओलवे यांचे सफाई कामगारांचे फोटो पाहिलेत तर लेख वाचायचीही गरज नाही. बूट उशिरा येतात, मापाचे नसतात, तळ घसरतो, अशा तक्रारी कामगार करत आलेत. मग ते घालत नाहीत, आणि आपण म्हणतो "दिले तरी घालत नाहीत हे लोक". कंत्राटी कामगाराची तर कायम नोकरीवरच मारामारी. २०१७ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा निकाल उचलून धरला, तोही अनेक वर्षांच्या कज्ज्यानंतर. जो कागदोपत्री कामगारच नाही, त्याच्या पायाचं माप कोण घेणार?

आमच्या सोसायटीत गेल्या वर्षी सभेत ठराव झाला की सफाईला येणाऱ्यांना गमबूट द्यायचे. खजिनदार काका म्हणाले, "आठ नंबरचे तीन जोड आणून टाका, चालतात सगळ्यांना." मी म्हटलं, काका, आधी विचारू तरी. विचारलं. मावशींचं माप निघालं पाच, त्यांच्या मुलाचं सात, आणि टाकी धुणाऱ्या दादांचं दहा. पाच नंबर शोधायला तीन दुकानं फिरावी लागली. कामाच्या गमबुटांत बायकांची मापं ठेवतच नाहीत म्हणे फारसे, मागणी नसते. शेवटी मिळाला तो जोड मावशींनी दुकानातच घालून बघितला आणि म्हणाल्या, "टाच हलतेय, मोजे पण द्या." मोजे घेतले, दोन जोड.