पऱ्हाटीचा कोळसा आणि पूर्णाकाठचे पाणी

१/ वऱ्हाडात कापूस वेचून झाला की शेतात पऱ्हाट्या उरतात. काही चुलीत जातात, उरलेल्या बांधावर पेटवल्या जातात. याच पऱ्हाट्यांपासून केलेला कोळसा पाण्यातील शिसे, कॅडमियम असे जड धातू धरून ठेवू शकतो. त्या कोळशाच्या इतिहासाचा आणि मर्यादेचा हा धागा.

२/ सुश्रुतसंहितेत गढूळ पाणी निवळण्याचे सात उपाय आहेत. निर्मळीचे बी आणि वस्त्र ही त्यांपैकी दोन. पण हे उपाय गढूळपणासाठी होते. विरघळलेला धातू डोळ्यांना दिसत नाही. नितळ पाण्यातही तो असू शकतो.

३/ १७८५ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे टोबियास लोविट्झ यांना आढळले, की लाकडी कोळसा द्रावणाचा रंग काढून घेतो. दशकभरातच इंग्लंडमध्ये साखर शुभ्र करण्यासाठी तो वापरात आला. पदार्थ कोळशात मुरत नाही, त्याच्या पृष्ठभागाला चिकटतो. या क्रियेला ‘अधिशोषण’ म्हणतात.

४/ १९०० च्या सुमारास राफाएल फॉन ओस्ट्रेइको यांनी वनस्पतिजन्य पदार्थ धातूंच्या क्लोराइडांसह तापवून, किंवा कोळशावर तप्त वाफ सोडून, त्यात असंख्य सूक्ष्म छिद्रे निर्माण करण्याच्या रीतींचे एकस्व घेतले. हाच ‘सक्रिय कोळसा’.

५/ पहिल्या महायुद्धात विषारी वायू आला आणि या कोळशाला एकाएकी मागणी आली. १९१८ मध्ये अमेरिकेत मुखवट्यांसाठी पीच फळाच्या कोयी घरोघरून गोळा झाल्या. काल उकिरड्यावर जाणारी वस्तू सैनिकाच्या श्वासाचा आधार ठरली.

६/ वऱ्हाड १८५३ च्या तहाने इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. अमेरिकेतील यादवी युद्धाने (१८६१–६५) येथील कापसाला मोल आले. १८६७ मध्ये लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोहोचला. रुई मुंबईमार्गे लँकेशायरला गेली. पऱ्हाटी मात्र शेतातच राहिली. तिला बाजार मिळाला नाही.

७/ चांगल्या सक्रिय कोळशाच्या एका ग्रॅमचे अंतर्बाह्य पृष्ठफळ सुमारे १,००० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ १० गुंठे भरते. पृष्ठभागावरील ऑक्सिजनयुक्त गट शिशाचे आयन बांधतात. पाणी फार आम्लधर्मी असेल तर हायड्रोजनचे आयन ती जागा अडवतात. षट्संयुजी क्रोमियमचे उलट आहे. ते आम्लधर्मी पाण्यात अधिक पकडले जाते.

८/ आता मर्यादा. अमरावती, अकोला, बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णेच्या खोऱ्यात सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरचा खारपाणपट्टा आहे. तेथील विहिरींचे दुखणे प्रामुख्याने क्षारांचे. विरघळलेले मीठ हा कोळसा काढू शकत नाही. तेथे सातपुड्याच्या पायथ्याच्या वान धरणासारख्या जलाशयाचे गोडे पाणी किंवा क्षार काढणारी यंत्रणाच हवी. ‘कोळशाने सारे पाणी शुद्ध होते’ असे सांगणारा त्या गावांची फसवणूक करतो.

९/ शिवाय धातू नष्ट होत नाही. पाण्यातून कोळशात जातो. तो कोळसा पुन्हा उकिरड्यावर टाकला तर विष पावसाबरोबर परत विहिरीकडे निघते. म्हणून कारखान्याच्या सांडपाण्यावर, मोजमाप ठेवून आणि वापरलेल्या कोळशाची सोय लावूनच हा उपाय शोभतो. पऱ्हाटीला मोल येऊ शकते. मात्र विहिरीत नेमके काय विरघळले आहे, याची तपासणी आधी व्हायला हवी.