भावाची तेजी आणि रीतीची तेजी

१८६५ साली मुंबईत काय झालं? अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, कापसाचे भाव कोसळले आणि बॅक बे भराव कंपनीच्या शेअरांची रद्दी झाली. ती तेजी निव्वळ भावाची होती. भाव गेला, तेजी गेली.

पण त्याच शहरात कावसजी दावरांनी १८५४ मध्येच सूतगिरणीची कंपनी काढली होती. तिच्या मागून अनेक आल्या, आणि मंदीनंतरही गिरण्या वाढतच गेल्या. १८७७ मध्ये तर जमशेटजी टाटांनी कापसाच्या मुलखातच, नागपुरात, एम्प्रेस मिल उघडली.

अर्थतज्ज्ञ शुंपेटर हेच सांगतो: उद्योजक नवी रीत आणतो, अनुकरण करणारे गर्दी करतात, तेजी येते, मग नफा आटतो, मंदी येते. रीत मात्र टिकते. म्हणून तेजी दिसली की विचारायचं: नुसता भाव वाढलाय, की काम करायची रीत बदललीये?