अकाउंटंट जनरलच्या ऑफिसातलं ध्यान

ध्यान म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे हिमालय, गुहा, दाढी वगैरे येतं. थोडक्यात, ज्याला ऑफिस नाही त्याचं काम. पण आज जी मंडळी दहा दिवसांची रजा टाकून इगतपुरीला विपश्यनेला जातात, त्या पद्धतीचा अलीकडचा इतिहास बघितला तर तो भलताच सरकारी निघतो. फायली, हिशेब, ऑडिट!

रंगूनचे ऊ बा खिन, जन्म १८९९. १९१७ साली अकाउंटंट जनरलच्या कचेरीत कारकून म्हणून चिकटले, पुढे खात्याची परीक्षा पास झाले. चांगले संसारी गृहस्थ. १९३७ च्या जानेवारीत, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, नदीपलीकडच्या सया तेजींकडे दहा दिवस ध्यान शिकायला गेले. हे सया तेजीसुद्धा भिक्षू नव्हते, शेतकरी होते. ओहोटीमुळे होडी अलीकडेच थांबली आणि आमचे हिशेबनीस चिखल तुडवत पोचले. परत आले तर टेबलावर बढतीचं पत्र! (हे वाचून कुणी अप्रेझलच्या तोंडावर डोळे मिटून बसू नये. त्याच वर्षी ब्रह्मदेश हिंदुस्थानपासून वेगळा झाला, नवीन कचेरी उभी राहत होती, जागा निघणारच होत्या.)

१९४१ साली ते रेल्वेचे हिशेब तपासत फिरत होते. क्यौक्से स्टेशनाजवळ वेबू सयाडो नावाचे मोठे भिक्षू भेटले, आणि म्हणाले की आता तू शिकवायला लाग. मग काय, पहिला विद्यार्थी कोण, तर स्टेशनमास्तर! दौऱ्याच्या डब्यातल्या जेवणाच्या दोन टेबलांवर दोघं बसले म्हणे. मला ही गोष्ट फार आवडते. आश्रम नाही, चटई नाही, उभा असलेला रेल्वेचा डबा.

४ जानेवारी १९४८ ला ब्रह्मदेश स्वतंत्र झाला आणि ऊ बा खिन अकाउंटंट जनरल झाले. १९५० मध्ये त्यांनी कचेरीतच विपश्यना मंडळ काढलं, १९५२ मध्ये रंगूनला ध्यानकेंद्र. त्यानंतरही नोकरी सुटली नाहीच. एका वेळी तीन-तीन खात्यांचा कारभार बघत ते १९६७ पर्यंत काम करत होते.

आता खरा प्रश्न. दहा दिवस कसेही निघतात हो, पण रोजचं काय? मला वाटतं या माणसाने मनोनिग्रहावर फारसं सोडलंच नाही. जिथे दिवस जातो तिथेच बसायची जागा केली आणि सोबतीला माणसं जमवली. एकट्याने पहाटेचा गजर लावण्यापेक्षा हे किती सोपं! अर्थात सगळ्यात मोठा साहेबच डोळे मिटून बसल्यावर हाताखालच्या किती जणांची 'नाही' म्हणायची छाती होती, हा प्रश्न उरतोच. आपल्याकडे मॅनेजरने योगाचा तास ठेवला की काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे.

१९५५ मध्ये त्यांच्याकडे मंडालेचा एक मारवाडी उद्योजक आला, सत्यनारायण गोयंका. डोकेदुखी इतकी भयंकर की मॉर्फिनची इंजेक्शनं घ्यावी लागत. डोकं थांबावं म्हणून येणार असशील तर येऊ नकोस, असं ऊ बा खिननी आधीच बजावलं. गोयंका तरी आले, चौदा वर्षं धंदा आणि घर सांभाळत शिकले. पुढे त्यांनी शिबिरानंतरचा नेम सांगितला तो असा : सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास. दोन तास! हिंजवडीला जायला-यायला लागतात तेवढेच की.

१९६९ मध्ये आईच्या आजारपणामुळे गोयंका भारतात आले. मुंबईत पहिलं शिबिर झालं, एकूण १४ जण, त्यात त्यांचे आई-वडील. ऊ बा खिन १९७१ च्या जानेवारीत रंगूनला गेले. इगतपुरीचं केंद्र सुरू झालं ते १९७६ मध्ये, त्यांच्यानंतर पाच वर्षांनी.