वाहाका: सुबाभळीच्या नात्यातल्या झाडाचे शहर (थ्रेड)

दक्षिण मेक्सिकोतील या शहराचे स्पॅनिश स्पेलिंग वाचताना अनेकांची जीभ अडखळते. उच्चार मात्र सोपा आहे: वाहाका. पंधराव्या शतकाच्या अखेरीस ॲझ्टेकांनी येथे लष्करी ठाणे वसवले आणि 'ग्वाहे झाडांच्या टोकाशी' अशा अर्थाचे नाव दिले. हे ग्वाहे म्हणजे आपल्या बांधावरच्या सुबाभळीचे सख्खे नातलग. सुबाभूळही मूळची मेक्सिकोचीच. नाव अर्थातच जेत्यांचे. खोऱ्यात झापोतेक लोक त्याआधी दोन हजार वर्षे नांदत होते.

म्हणून येथील सहलीची आखणी करताना क्रमाला महत्त्व आहे. बहुतेक पर्यटक प्रथम सांतो दोमिंगोच्या सोनेरी चर्चकडे वळतात. इतिहासप्रेमीने पहिली सकाळ शहराबाहेरच्या मोंते आल्बानला द्यावी.

इ. स. पू. ५०० च्या सुमारास झापोतेकांनी खोऱ्यापासून सुमारे ४०० मीटर उंचीवरचा हा डोंगरमाथा सपाट करून राजधानी उभारली. येथे ३०० हून अधिक कोरीव शिळा सापडल्या. त्यांवरील वेड्यावाकड्या देहांमुळे त्यांना 'दान्सान्तेस', म्हणजे नर्तक, असे नाव पडले. शिळेसमोर क्षणभर थांबले की नाव खटकू लागते: डोळे मिटलेले, तोंड उघडे, कित्येकांचे अवयव छाटलेले. हे ठार केलेले युद्धकैदी असावेत, असे बहुतेक अभ्यासक मानतात. पाटीवर आजही नर्तकच आहेत.

याच डोंगरावर जानेवारी १९३२ मध्ये आल्फोन्सो कासो यांनी थडगे क्रमांक ७ उघडले. थडगे झापोतेकांनी बांधलेले, पण आतील सोन्याचे अलंकार, पिरोजांनी (टर्क्वाइजने) मढवलेली कवटी आणि कोरीव हाडे मिश्तेकांची. नगर ओस पडल्यानंतर कित्येक शतकांनी मिश्तेकांनी आपले मृत त्याच थडग्यात ठेवले होते. परक्याचे थडगे त्यांनी मोडले नाही, वापरले.

हा खजिना आज सांतो दोमिंगोच्या मठातील संग्रहालयात आहे. डोंगर आधी पाहिलेल्याला तो काचेआडही निराळा दिसतो.

आता शहराच्या श्रीमंतीकडे. स्पॅनिशांच्या काळात ती पिकली एका किड्यावर. निवडुंगावर वाढणाऱ्या कोचिनीलच्या माद्या वाळवून गडद लाल रंग काढत. किलोभर मालाला सुमारे दीड लाख किडे लागत. चांदीखालोखाल मेक्सिकोची ही सर्वांत मौल्यवान निर्यात होती. मराठीतील 'किरमिजी' शब्दही किड्याचाच (फारसी 'किर्म', संस्कृत 'कृमि'), फक्त तो किडा जुन्या जगातला. युरोपच्या बाजारातून त्याला या मेक्सिकन किड्याने हुसकावले.

रंगाचा नफा युरोपात जाई, वेचणीचे कष्ट मात्र खेड्यांतील मूळनिवासी कुटुंबांचे. स्पॅनिश अधिकारी त्यांना आगाऊ पैसे देत आणि वसुली मालात करीत. दर अर्थातच अधिकारीच ठरवीत. १७७७ मध्ये थिएरी द मेनोनव्हिल या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने किडे निवडुंगासह चोरून कॅरिबियनमधील फ्रेंच वसाहतीत नेले. शेवटचा घाव घातला तो एकोणिसाव्या शतकातील कृत्रिम रंगांनी.

चर्चविरोधी सुधारणांच्या काळात मठही गेला. तेथे लष्कराची छावणी झाली, ती थेट १९९० च्या दशकापर्यंत. लष्कर हलल्यावर या आवारात हॉटेल आणि वाहनतळ करण्याचा घाट घातला गेला. चित्रकार फ्रान्सिस्को तोलेदो आणि त्यांचे सहकारी आडवे आले. त्यामुळे आज तेथे वाहाका राज्यातील वनस्पतींची बाग आहे. बागेतील निवडुंगावर पांढऱ्या बुरशीसारखे ठिपके दिसतात. तोच हा कोचिनील. बोटांत चिरडला की बोट लाल होते.

या क्रमाला निवांत तीन दिवस पुरतात. जुलैच्या उत्तरार्धातील गेलागेत्सा महोत्सवात किंवा १ आणि २ नोव्हेंबरच्या मृतात्म्यांच्या दिवसांत जायचे तर निवास फार आधी ठरवावा. आणि संग्रहालयाचा दिवस सोमवारी ठेवू नये. मेक्सिकोत त्या दिवशी बहुतेक संग्रहालये बंद असतात.