तोवारिच
१९३५ सालचा फ्रेंच विनोदी चित्रपट. झाक देव्हाल या नाटककाराने १९३३ मध्ये पॅरिसच्या रंगभूमीवर आलेल्या आपल्याच नाटकावरून तो निर्माण केला. इरेन झिलाही व आंद्रे लफोर यांच्या त्यात प्रमुख भूमिका आहेत. १९१७ च्या राज्यक्रांतीनंतर देशोधडीस लागून पॅरिसमध्ये टॅक्सी चालवू लागलेल्या रशियन उमरावांची दैना ही कथेची पार्श्वभूमी होय. प्रिन्स मिखाइल व त्याची पत्नी ग्रँड डचेस तातियाना यांच्या हवाली झारने केलेली ४ अब्ज फ्रँकची रक्कम बँकेत अनामत असते. परंतु त्या अमानतीतील कवडीसही स्वतःसाठी हात लावणे हा द्रोह होय, अशा निष्ठेने ती दोघे उपासमार सोसतात आणि अखेरीस एका धनाढ्य पॅरिसकराच्या घरी चाकरी पत्करतात. तेथील मेजवानीस, पूर्वी कैदेत ज्याने त्यांचा अनन्वित छळ केला तो सोव्हिएत कमिसार गोरोचेन्को पाहुणा म्हणून येतो आणि त्यालाच त्यांना अदबीने वाढावे लागते. हास्य व वेदना इतकी एकजीव झालेली प्रसंगरचना विरळाच. पैशाअभावी रशियाच्या तेलखाणी परकीयांच्या घशात जाऊ नयेत म्हणून मिखाइल ती सारी दौलत या वैऱ्याच्याच स्वाधीन करतो. दारिद्र्याची कुचेष्टा न करता त्या दांपत्याच्या स्वाभिमानातून विनोद फुलविणे, हे देव्हालचे खरे सामर्थ्य. याच नाटकावरून अनातोल लिट्वाकने १९३७ मध्ये क्लॉडेट कोलबर्ट व शार्ल ब्वाये यांना घेऊन हॉलिवुडमध्ये चित्रपट काढला. त्यावरच आधारलेल्या १९६३ च्या ब्रॉडवे संगीतिकेतील तातियानाच्या भूमिकेबद्दल व्हिव्हिअन लीला टोनी पारितोषिक लाभले.