प्राणायाम, ध्यान आणि अधिकाराचा प्रश्न

रायपूरच्या जुन्या वस्तीत ब्राह्मणपारा नावाचा भाग आहे. छत्तीसगडीत ‘पारा’ म्हणजे आळी, मोहल्ला. १७४१ साली भास्करराम कोल्हटकर यांच्या नेतृत्वाखाली नागपूरकर भोसल्यांची फौज छत्तीसगडात उतरली आणि १७५८ ते १७८७ या काळात बिंबाजी भोसले यांनी रतनपुराहून या प्रदेशाचा कारभार केला. या संबंधाने मराठी कुटुंबे इकडे आली; पुढे नोकरी-वकिलीच्या निमित्ताने आणखी येत राहिली. याच परिसरात कंकाली मठ आहे. नागा संन्याशांच्या परंपरेशी जोडलेला हा मठ वर्षातून एकदाच, दसऱ्याच्या दिवशी, दर्शनासाठी उघडतो. एकीकडे संन्याशांच्या मठाचे बंद दार आणि दुसरीकडे गृहस्थांच्या देवघरापुढे रोज होणारी संध्या, असे दृश्य या आळीत माझ्या लहानपणी सहज दिसे. प्राणायाम आणि ध्यान यांच्या संबंधाचा विचार करताना मला ते वारंवार आठवते.

आमच्या घरी आजोबा पाटावर बसून आचमन करीत, नाकपुडीवर बोट ठेवून प्राणायाम करीत आणि मग गायत्रीच्या जपाला लागत. आजीला संध्येचा अधिकार नव्हता. ती त्याच वेळी शेजारच्या खोलीत ज्ञानेश्वरीची पोथी उघडून बसे. श्वास नियमनाचा विधी एका खोलीत आणि त्या श्वासाचे मराठीतील सर्वांत समर्थ वर्णन दुसऱ्या खोलीत, ही विभागणी त्या वयात मला जाणवली नाही. आज वाटते, आपल्या साहित्येतिहासातील एक महत्त्वाचा प्रश्न तिच्यात दडलेला होता.

संध्येतील प्राणायाम हा मंत्राने मोजलेला श्वास आहे. व्याहृती आणि शिरोमंत्रासह गायत्रीचे तीनदा आवर्तन होईपर्यंत प्राण रोखावा, असे त्याचे स्वरूप याज्ञवल्क्यस्मृतीत सांगितले आहे. त्यानंतर जप येतो. या क्रमामागे जी दृष्टी आहे, तिचेच शास्त्रीय रूप पतंजलीच्या योगसूत्रांत आढळते. यम, नियम, आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा, ध्यान आणि समाधी या आठ अंगांत प्राणायाम चौथा व ध्यान सातवे. दुसऱ्या पादात प्राणायामाचे फल सांगताना पतंजली दोनच गोष्टींचा निर्देश करतो: प्रकाशावरचे आवरण क्षीण होते आणि मन धारणेला योग्य होते. पतंजलीने प्राणायामाला ध्यान म्हटलेले नाही. मनाची पूर्वतयारी म्हटले आहे. व्यवहारात मात्र अनेक घरी संध्येतील प्राणायाम नाक धरण्यापुरता उरला होता, हेही मान्य केले पाहिजे.

भगवद्गीतेचा सहावा अध्याय ध्यानाचा आहे. आसनासाठी शुद्ध स्थळ, सरळ देह, नासिकाग्री स्थिर दृष्टी, मनाचा संयम, एवढे तेथे सांगितले आहे. प्राण-अपानांचा उल्लेख चौथ्या व पाचव्या अध्यायांत येतो. सहाव्यातील आसनविधीत तो नाही. ज्ञानेश्वरांनी नेमक्या याच मोकळ्या जागी आपली प्रतिभा ओतली. मूळबंध, जालंधर व उड्डियान हे बंध, अपानाचे परतणे, वेटोळे घालून निजलेल्या कुंडलिनीचे जागे होणे, तिने देहातील धातू ग्रासणे, असा विस्तृत आणि थरारक प्रवास त्यांनी वर्णिला. मूळ श्लोकांत नसलेले हे सारे आपण कोठून आणले, ते त्यांनी लपविलेले नाही. हा नाथसंप्रदायाचा संकेत असून श्रीकृष्णाने तो येथे सुचविला आहे, अशी त्यांची भूमिका आहे. अठराव्या अध्यायाच्या अखेरीस आदिनाथापासून निवृत्तिनाथांपर्यंतची गुरुपरंपरा सांगून त्यांनी आपला वारसा स्पष्टही केला.

या वर्णनाचा शेवट समीक्षकाने विशेष लक्षपूर्वक वाचावा असा आहे. वर चढत गेल्यावर कुंडलिनी हे नावही सरते आणि ‘मारुत’ हेच नाव उरते. शक्ती केवळ वायुरूप होते; पुढे तोही वायू आकाशात विरतो. जेथे श्वास संपतो तेथेच कवीची वाणीही माघार घेते. ओवीमागून ओवी रचणारा कवी शब्द येथे पोहोचत नाहीत असे सांगतो, तेव्हा प्राणायाम आणि ध्यान यांमधली सीमारेषा तत्त्वचर्चेवाचून आपल्यासमोर उभी राहते. सीमेपर्यंत नेणे हे प्राणाचे काम. सीमा ओलांडताना तो स्वतःच उरत नाही.

याच ठिकाणी ज्ञानेश्वरीतील अर्जुन एक प्रश्न विचारतो. हा मार्ग साधायला विशेष योग्यता लागते की कोणालाही तो साधेल? गीतेत हा प्रश्न या रूपात नाही. ज्ञानेश्वरांना तो अटळ वाटला. श्रीकृष्णाच्या उत्तराचा आशय असा की, योग्यता ही प्राप्तीवरून ठरते. जो थोडाबहुत विरक्त झाला आणि देहधर्मांत नियमित राहिला तो अधिकारी. यात जन्माचा, वर्णाचा वा लिंगाचा निकष नाही. संध्येचा अधिकार मुंजीने मिळत होता. ध्यानाचा अधिकार ज्ञानेश्वरांनी वृत्तीवर सोपविला. १२९० साली मराठीत लिहिलेल्या त्या ग्रंथाने शेजारच्या खोलीचे दार उघडून दिले होते. बाराव्या अध्यायात तर केवळ योगबळाने अव्यक्ताकडे जाणाऱ्यांच्या वाट्याला कष्टच अधिक येतात असे दाखवून ज्ञानेश्वर भक्तीची वाट सुगम ठरवितात.

चांगदेवांची परंपरागत कथा या संदर्भात पुन्हा वाचली पाहिजे. प्राणावर सत्ता मिळवून ते चौदाशे वर्षे जगले, अशी आख्यायिका आहे. एवढ्या सिद्धीच्या धन्याने ज्ञानदेवांना पाठविलेले पत्र मात्र कोरे होते; मायना काय लिहावा हेच त्यांना उमजेना. ‘चांगदेवपासष्टी’ हे त्या कोऱ्या कागदाचे उत्तर मानले जाते आणि पुढे मुक्ताबाई चांगदेवांची गुरू झाली असे परंपरा सांगते. आख्यायिकेचे ऐतिहासिक मूल्य काहीही असो, तिचा अर्थ स्वच्छ आहे: रोखलेला श्वास आयुष्य वाढवील, पण कागदावर अक्षर उमटवू शकणार नाही. ते अक्षर एका मुलीच्या उपदेशातून यावे, हा त्या कथेतला सर्वांत धीट भाग होय.

या चर्चेचा आधुनिक धागाही रायपूरला येऊन भिडतो. १८७७ साली नरेंद्रनाथ दत्त, म्हणजे पुढचे स्वामी विवेकानंद, वडिलांच्या कामानिमित्त रायपूरला आले आणि बूढापारा भागात सुमारे दोन वर्षे राहिले. नागपूरहून बैलगाडीने येताना डोंगरातील प्रचंड मधमाश्यांचे पोळे पाहून हा मुलगा देहभान हरपून बसला, असे त्यांचे चरित्रकार नोंदवितात. त्या तल्लीनतेपूर्वी कोणताही प्राणायाम घडला नव्हता. १८९६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘राजयोग’ या ग्रंथात मात्र त्यांनी प्राणायामाचे सविस्तर विवेचन केले, आणि प्राण म्हणजे निव्वळ श्वास नव्हे असे बजावले. महाराष्ट्रात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले, त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ नियतकालिक सुरू केले आणि यौगिक क्रिया उपकरणांच्या कसोटीवर आणल्या. प्राणायामाचे मोल अधिक प्राणवायू घेण्यात आहे हा लोकप्रिय समज त्यांनी स्वीकारला नाही. संथ, दीर्घ उच्छ्वासाने हृदयाची गती मंदावते व मज्जासंस्थेला शांतता लाभते, हे आजचे शरीरविज्ञानही दाखविते. तथापि मंदावलेली नाडी आणि स्थिरावलेले चित्त यांतले अंतर कोणतेही उपकरण मोजत नाही.

संयुक्त राष्ट्रसंघाने २०१४ साली २१ जून हा योगदिन म्हणून स्वीकारल्यानंतर प्राणायाम मैदानावर आला. जे पूर्वी मुंज झालेल्या पुरुषालाच मिळे, ते सर्वांना मिळाले, ही मोठीच गोष्ट आहे. ज्ञानेश्वरांना ती मान्य झाली असती. परंतु दार उघडताना वास्तूचे स्मरण सुटले, तर मोकळ्या दाराचा उपयोग काय? आजोबांचा प्राणायाम जपाकडे जात होता. मैदानावरचा पुष्कळदा घड्याळाकडे जातो.

आजोबांच्या पाटावर पुढे कोणी बसले नाही. आजीची पोथी माझ्याकडे आहे आणि तिच्या सहाव्या अध्यायाची पाने सर्वांत अधिक झिजलेली आहेत. तिने कधी नाकपुडीवर बोट ठेवल्याचे मला स्मरत नाही. वाचता वाचता ती मध्येच थांबे, श्वास संथ होई, आणि काही वेळ पान उलटले जात नसे. अधिकाराचा प्रश्न तिने कोणाला विचारला नव्हता; उत्तर मात्र तिच्यासमोर उघडे होते.